नट बसले म्हणजे चाक बसलं?

प्रश्न : माझ्याकडे २०१८ सालची स्विफ्ट आहे. खालचं मॉडेल, लोखंडी डिस्क आणि चौदाचे टायर. हातकणंगल्याहून रोज शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला जाऊन-येऊन करतो. दिवाळीला कोल्हापुरातून सोळाची अलॉय घातली. दुकानदार म्हणाला, ‘चार होल, शंभरचं आहे, डोळे झाकून बसतंय.’ बसलंही. पण हेर्लं सोडून गाडी ऐंशीवर गेली की स्टेअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग दोन ठिकाणी केलं, मशीनवर शून्य दाखवतंय. मागं घरची मंडळी बसली की गतिरोधकावर खर्रकन घासल्याचा आवाज येतो. एक जण म्हणतो स्पेसर घाल, दुसरा म्हणतो रिंग घाल. नेमकं चुकलंय काय?
– एक वाचक, हातकणंगले

उत्तर : दुकानदार खोटं बोलला नाही, अर्धवट बोलला. स्विफ्टच्या हबवर चार स्टड असतात आणि त्या चौघांच्या मध्यातून वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास १०० मिलिमीटर भरतो. बाजारात यालाच ‘पीसीडी’ म्हणतात. बलेनोचं तेच, आय-ट्वेंटीचंही तेच. म्हणून ‘४ × १००’चं कुठलंही चाक तुमच्या स्टडवर चढणारच. पण चढल्यावर ते नीट बसायला आणखी चार-पाच आकडे जुळावे लागतात. ते कुणी विचारत नाही, कारण दुकानात भिंतीवर टांगलेल्या चाकाचं डिझाइन दिसतं, मागच्या बाजूचे आकडे दिसत नाहीत.

तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. आधी थरथर घेऊ.

तुम्ही मशीन शॉपमधले, म्हणजे व्हर्निअर हाताशी आहे. चाक काढा. हबच्या मधोमध एक गोल उंचवटा बाहेर आलेला दिसेल. त्याचा बाहेरचा व्यास मोजा, ५४ मिलिमीटरच्या आसपास भरेल. आता अलॉयच्या मधल्या भोकाचा आतला व्यास मोजा. माझा अंदाज, तो ७३ च्या आसपास निघेल. कंपनीच्या चाकाचं भोक ५४.१ असतं, हबच्या उंचवट्यावर ते अलगद घट्ट बसतं आणि चाक आपोआप मधोमध येतं. बाजारातलं अलॉय बनवणाऱ्याला मात्र एकच साचा अनेक गाड्यांना विकायचा असतो. ब्रेझाचा हब ६०.१ चा, क्रेटाचा ६७.१ चा, मग तो मधलं भोक सगळ्यात मोठं ठेवतो आणि स्टडची भोकं गिऱ्हाइकाप्रमाणे पाडतो. त्याचा हिशोब बरोबरच आहे. तुमच्या हबभोवती मात्र सगळीकडून नऊ-साडेनऊ मिलिमीटर मोकळी जागा राहिली आणि चाक मधोमध आणायची सगळी जबाबदारी चार नटांवर पडली.

नटाचं तोंड निमुळतं असतं, ते भोकातल्या निमुळत्या खाचेत बसतं, त्यामुळे नटही चाकाला मध्यात ओढतात. ‘रिंग-बिंग काही लागत नाही’ म्हणणारे मिस्त्री याच आधारावर बोलतात आणि चाक अधांतरी ठेवून, समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत नेले तर त्यांचं म्हणणं खरंही ठरतं. पण दुकानात काय होतं ते आपण पाहतो. पहिला नट हाताने दोन फेरे, मग गन लावून खर्रर्र, लगेच शेजारचा खर्रर्र. पहिल्या नटाने चाक एका बाजूला धरून ठेवलं की बाकीचे तीन त्याला हलवू शकत नाहीत.

एक मिलिमीटरने काय बिघडतं, असं वाटेल. टायरसकट सोळाचं चाक साधारण १७ किलो धरा. एवढं वजन मध्यापासून एक मिलिमीटर सरकलं, तर ते रिमच्या काठावर, म्हणजे मध्यापासून २०० मिलिमीटरवर, ८५ ग्रॅमचा तुकडा चिकटवल्यासारखं होतं. बॅलन्सिंगवाला पाच-पाच, दहा-दहा ग्रॅमच्या पट्ट्या लावून जे साधतो, ते एवढ्याशा सरकण्याने धुऊन निघतं. आणि मशीन शून्य दाखवतं तेही खरंच असतं. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक मधल्या भोकात शंकू घालून धरतात, म्हणून तिथे ते अगदी मध्यात फिरतं. तुमच्या गाडीवर ते मध्यात नाही. मशीनला गाडी दिसत नाही.

थरथर नेमकी ऐंशीलाच का, याचंही उत्तर हिशोबातच आहे. तुमच्या टायरचा घेर दोन मीटरला थोडा कमी. ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला अकराहून जास्त फेरे मारतं. स्टेअरिंग आणि सस्पेन्शनची स्वतःची झुलण्याची लय बहुतेक मोटारींत याच पट्ट्यात कुठेतरी असते. लय जुळली की धक्का वाढत जातो, साठला किंवा एकशेदहाला तो तितका जाणवत नाही. म्हणून लोक ‘शंभरच्या वर नेली की गुळगुळीत चालते’ म्हणत गाडी आणखी पळवतात. तो इलाज नव्हे.

तेव्हा रिंग सांगणारा बरोबर आहे. बाजारात रिंगा तयार मिळतात, नायलॉनच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या. पण तुम्ही जिथे राहता तिथे तयार मालाच्या मागे लागायची गरजच नाही. शिरोली, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी, इचलकरंजी, कोल्हापुरातलं शिवाजी उद्यमनगर; लूमचे सुटे भाग आणि मोटारींच्या कास्टिंगवर दिवसभर शतांश मिलिमीटरचं काम करणारे टर्नर इतक्या दाटीने दुसरीकडे सहज सापडत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या बारमधून चार रिंगा काढून घ्या. बाहेरचा व्यास तुमच्या अलॉयच्या भोकापेक्षा पाच शतांश कमी, आतला व्यास हबवर हाताने सरकेल एवढाच मोकळा, आतल्या कडेला छोटा चॅम्फर. भोकांची मापं चारही चाकांची घ्या. स्वस्तातल्या चाकांत ती एकसारखी असतीलच याची खात्री नसते.

एक गोष्ट टर्नरला बजावून सांगा. रिंग चाकाच्या मागच्या बसणाऱ्या पृष्ठभागापेक्षा केसभरही बाहेर यायला नको. ती बाहेर आली तर चाक हबऐवजी रिंगवर टेकेल, नट आवळल्यासारखे वाटतील आणि पन्नास किलोमीटरवर ढिले पडतील. रिंगचं काम चाक मध्यात आणण्यापुरतं, ओझं घेण्याचं नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना धरून बसतात, म्हणून हबच्या उंचवट्याला ग्रीसचं बोट फिरवा. फक्त उंचवट्याला. पृष्ठभागाला नको आणि स्टडला तर मुळीच नको.

स्टडला ग्रीस का नको, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. चाक नटांवर लटकलेलं असतं, असा आपला समज असतो. तसं नसतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना पाहिलेली माणसं तुमच्या भागात अजून असतील. धाव मुद्दामच चाकापेक्षा जराशी लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून फुगवायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. निवताना ती आवळते आणि त्या आवळावरच ती मैलोन्‌मैल उसाचं ओझं वाहते. उसाच्या गाड्यांना पुढे रबरी टायर आले, धाव गेली, पण आवळाचं तत्त्व मोटारीच्या चाकात तसंच आहे. नट आवळला की स्टड रबरासारखा अगदी किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने चाक हबवर दाबून धरलं जातं. बारा मिलिमीटरच्या स्टडवर १०० न्यूटन-मीटरने नट आवळला तर साधारण चार टनांचा दाब तयार होतो. चार स्टडचा मिळून सोळा टन. तुमची अख्खी गाडी एका टनाच्या आतबाहेर. या दाबामुळे हब आणि चाक यांच्यात जे घर्षण तयार होतं, तेच ब्रेकचा, वळणाचा, खड्ड्याचा सगळा जोर घेतं. स्टडवर आडवा जोर यायलाच नको. आला, तर समजा घर्षण अपुरं पडलंय. मग भोकं लंबगोल होतात आणि एक दिवस स्टड तुटतो.

आता आट्यांना तेल किंवा ग्रीस लावलं तर काय होतं? नट सहज फिरतो, म्हणून तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. शंभरावर पाना ‘कट्’ वाजतो, पण आत ताण पाच-सहा टनांवर गेलेला असतो. कोरडे आणि स्वच्छ आटे, बस्स.

जोर किती लावायचा, तो आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. छोट्या मोटारींना तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. टॉर्क रेंच तुमच्या शॉपमध्ये असेलच, रविवारी मागून आणा. नसला तर अंदाज असा : मध्यापासून अर्ध्या मीटरवर हात येईल असा दांडा घ्या आणि त्यावर वीस किलोचा जोर द्या, झाले जवळजवळ शंभर. पण गाडीसोबत मिळणाऱ्या वीतभराच्या पान्यावर उभं राहून उड्या मारायची आपल्याकडे जी पद्धत आहे, ती सोडा. सत्तर किलोचा माणूस त्या पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी जोर दीडशेच्या पुढे जातो. उडीचा हिशोब मी करत नाही.

नटांचे आटेही तपासा. सुझुकीच्या स्टडचे आटे १.२५ चे असतात, ह्युंदाई, होंडा, टोयोटाचे १.५ चे. अलॉयच्या दुकानातल्या डब्यात १.५ चे नट ढिगाने असतात. १.५ चा नट १.२५ च्या स्टडवर दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. हाताने लावणाऱ्याला ते लगेच कळतं, गन लावणाऱ्याला कळत नाही; गन आटे कापत पुढे जाते. म्हणून प्रत्येक नट शेवटपर्यंत बोटांनी फिरवा. फिरवताना फेरे मोजा. स्टडच्या जाडीइतके आटे नटात शिरायला हवेत. बारा मिलिमीटरच्या स्टडला १.२५ चे आटे असतील तर नऊ-दहा फेरे, १.५ चे असतील तर आठ. लोखंडी डिस्कचा पत्रा चार मिलिमीटरच्या आसपास असतो, अलॉयचा त्याच जागचा भाग त्याच्या तिप्पट-चौपट जाड, त्यामुळे जुने आखूड नट इथे अपुरे पडू शकतात. फेरे पाच-सहाच भरले तर त्या चाकावर गाडी घरापर्यंत न्यायचीही जोखीम नको.

आता मागचं घासणं. अलॉयच्या आरीच्या मागे काही आकडे कोरलेले असतात. ‘१६ × ७ जे’ आणि त्याच्या जवळ ‘ईटी ३५’ असं काहीसं दिसेल. पहिला आकडा व्यास, दुसरा रुंदी, दोन्ही इंचात. ‘ईटी’ म्हणजे ऑफसेट : चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून हबवर टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, ते अंतर. हा आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं.

समजा, तुमच्या जुन्या डिस्कची रुंदी ५ इंच आणि ऑफसेट ४५ होता. नव्या चाकाची रुंदी ७ इंच, ऑफसेट ३५. रुंदी दोन इंचांनी वाढली, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना २५-२५ मिलिमीटर. त्यात ऑफसेट दहाने कमी झाला. मग चाकाचा बाहेरचा काठ ३५ मिलिमीटर बाहेर गेला आणि आतला काठ १५ मिलिमीटर आत, शॉकअपच्या दिशेने. दीड इंच बाहेर आलेलं चाक रिकाम्या गाडीत छान भरदार दिसतं. मागे तीन माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं पडलं की गाडी खाली बसते आणि टायर मडगार्डच्या वळवलेल्या पत्र्याला भेटतो. तो खर्र आवाज त्याचाच. पत्र्याची ती कडा टायरची बाजू कापू शकते, म्हणून आवाज किरकोळ समजू नका.

आवाज बंद करायला काही ठिकाणी पत्रा आत ठोकून देतात किंवा कडा ग्राइंडरने उडवतात. पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. आणि स्पेसर? त्याचा तुमच्या दुखण्याशी काही संबंध नाही. स्पेसर चाक आणखी बाहेर ढकलतो, म्हणजे घासणं वाढेल. शिवाय तो हबचा उंचवटा झाकतो आणि स्टडचे तेवढे आटे खातो. चाक आत शॉकअपला घासत असेल तर स्पेसर सुचवतात, तेही माझ्या मते चुकीचं चाक घेतल्याची कबुलीच असते. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर तरफेसारखा जास्त भार येतो आणि स्टेअरिंगची ठेवणही बिघडते. खड्ड्यात हँडल हिसका देतं ते यामुळे.

तुमच्यापुढे खरा मार्ग आहे तो रुंदी कमी आणि ऑफसेट मूळच्या जवळचा असलेलं चाक घेण्याचा. सोळाच हवं असेल तर सहा इंची रिम, ऑफसेट चाळीसच्या पुढे आणि टायर १९५/५५ आर १६. पण मला विचारलंत तर मी पंधरावर थांबेन. स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देते. तुमच्या १६५/८० आर १४ चा एकूण व्यास ६२० मिलिमीटर, पंधराच्या टायरचा ६२१ आणि १९५/५५ आर १६ चाही ६२१. तिन्हींत मीटर बरोबर दाखवतो. हे गणित न करता कुणी २०५/६५ आर १५ घातला तर व्यास ६४७ वर जातो, मीटरवर शंभर दिसतात तेव्हा गाडी एकशेचारच्या पुढे असते आणि टायर आत लायनरला घासतो तो वेगळाच.

पंधरावर थांबायचं आणखी एक कारण आहे, आणि ते तुमचा रोजचा रस्ता. टायरची बाजूची भिंत म्हणजे खड्ड्यातली गादी. चौदाच्या टायरला ती १३२ मिलिमीटर उंच आहे, पंधराच्या १२०, सोळाच्या १०७. अतिग्रे, चोकाक, हेर्ले, हालोंडी या पट्ट्यात हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, रस्त्यावर पडलेले उसाचे बुडखे आणि रात्री मागे दिवा नसलेली ट्रॉली चुकवताना साइडपट्टीवर उतरलेलं चाक, हे तुम्हाला मी सांगायला नको. लोखंडी डिस्क अशा धक्क्याला वाकते, ठोकून सरळ होते. अलॉय वाकतं किंवा तडकतं.

तडकण्यावरून एक गोष्ट. तुमच्या आजूबाजूला फाउंड्रीत काम केलेला माणूस घरटी एक निघेल. नवं अलॉय घेताना त्याला सोबत न्या. चाक बहुधा कास्टिंगच असतं, सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचं. ओतल्यावर त्याला पाचशेहून अधिक अंशांवर तापवून पाण्यात विझवतात, मग पुन्हा मंद तापवून ताकद आणतात. ज्याने आयुष्यभर ब्लो होल पाहिलेत त्याला आरीच्या मागची, रंग नीट न पोचलेली जागा पाहून ओतकाम कसं झालंय ते पुष्कळ कळतं. चाकावर आयएसआय किंवा जेडब्ल्यूएल, व्हीआयए यांपैकी खूण आणि जास्तीत जास्त वजनाचा आकडा हवा. भारतात मोटारींच्या चाकांसाठी आयएस ९४३६ हे मानक आहे. वळणाचा ताण आणि रस्त्यावरचा भार लाखो फेऱ्यांपर्यंत देऊन थकवा तपासणं, वजन आदळून पाहणं हे सगळं चाचणीत येतं. काहीच कोरलेलं नसेल तर ते चाक भिंतीवरच शोभून दिसतं. आणि वाकलेलं अलॉय गॅसने तापवून सरळ करून देणाऱ्यांपासून लांब राहा. तापवलं की ती विझवून आणलेली ताकद निघून जाते, वरून पावडर कोटिंग मात्र नव्यासारखं चकाकतं.

आता बसवायची पद्धत. हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर तो काही दिवसांत दाबून चुरतो आणि नटाचा आवळ कमी होतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात वारणा-पंचगंगेकाठच्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. जुनी गाडी घेतलेली असेल तर हे काम जास्तच नीट करा. रिंग घाला, चाक चढवा, आरी आणि ब्रेक कॅलिपर यांच्यात तीन-चार मिलिमीटर मोकळी जागा आहे ना, ते चाक हाताने फिरवून पाहा. नट बोटांनी, मग चाक अधांतरी असतानाच समोरासमोर हलके आवळा. गाडी खाली उतरवून पूर्ण जोर पुन्हा समोरासमोर, दोन टप्प्यांत. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघा. मग मागे चार माणसं बसवून गावातल्या सगळ्यात वाईट गतिरोधकावरून न्या. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर चाक थंड असताना टॉर्क पुन्हा तपासा. अलॉयचा नवा रंग नटाखाली दबतो, त्यामुळे पहिल्यांदा थोडा आवळ जातोच.

एवढं करूनही थरथर राहिली तर शॉपमधला डायल गेज मॅग्नेट स्टँडवर लावून रिमचा काठ फिरवून बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या वर काटा हलला तर चाक वाकडं आहे. मग हबवर काटा लावा. तोही हलला, तर हब किंवा बेअरिंगचं दुखणं आहे आणि अलॉयवर उगाच आळ येतोय.

प्रश्न : एका जुन्या फियाट लीनियाची अलॉय स्वस्तात मिळतायत. माझ्या स्विफ्टला दुकानात लावून पाहिली, चारही नट लागले. घेऊ का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नका घेऊ. लीनियाचा पीसीडी ९८ आहे, स्विफ्टचा १००. म्हणजे प्रत्येक स्टड भोकाच्या मध्यापासून एक मिलिमीटर बाहेर. नट लागतात, कारण भोक स्टडपेक्षा सैल असतं. पण नटाचं निमुळतं तोंड खाचेत सपाट न बसता एका कडेवर टेकतं आणि आवळाल तसा स्टड आतल्या बाजूला वाकवत जातं. आठवडाभर काहीच कळत नाही. रोज ब्रेक दाबताना तो वाकलेला स्टड थकत राहतो. शिवाय लीनियाचं मधलं भोक ५८ चं, तुमचा हब ५४ चा, म्हणजे तिथेही आधार नाही. फियाटला स्टड-नटऐवजी बोल्ट असतात, त्यांच्या खाचाही त्याच बेताने केलेल्या. ‘भोकं भरून शंभरचं पाडून देतो’ म्हणणारे भेटतील. लेथवर काय वाटेल ते करता येतं, हे इचलकरंजीकराला कुणी सांगायला नको. पण चाकाच्या मधल्या भागात, जिथे सगळा ताण एकवटतो तिथे वेल्डिंग केलेलं अ‍ॅल्युमिनियम मी माझ्या घरच्यांच्या गाडीला लावणार नाही.

प्रश्न : अलॉय घातल्याबद्दल पोलीस किंवा आरटीओ दंड करू शकतात का? इन्शुरन्सवाले दावा नाकारतात का?
– एक वाचक, पेठ वडगाव

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात बदल होईल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या मॉडेलच्याच वरच्या प्रकाराला कंपनी देते त्या मापाचं चाक असेल तर तुमची बाजू सगळ्यात भक्कम. मडगार्डच्या बाहेर चार बोटं आलेलं चाक नाक्यावर लांबूनच दिसतं.

विम्याचं सोपं आहे. पॉलिसी घेताना किंवा नंतर अलॉयचं बिल जोडून कंपनीला लेखी कळवा. किरकोळ जादा हप्ता पडतो, पण चाक चोरीला गेलं किंवा फुटलं तर बोलायला जागा राहते. बिल पक्कं घ्या. कच्च्या बिलात वाचवलेला जीएसटी दाव्याच्या वेळी व्याजासकट जातो.

प्रश्न : चारही अलॉय घातली, स्टेपनी मात्र जुनी लोखंडीच आहे. चालेल ना?
– एक वाचक, हुपरी

उत्तर : चालेल, दोन अटींवर. नव्या टायरचा एकूण व्यास जुन्याइतकाच असायला हवा. आणि जुने नट भंगारात न देता एका पिशवीत बांधून डिकीत, स्टेपनीच्या खोबणीत ठेवा. अलॉयचे लांब किंवा बारीक डोक्याचे नट लोखंडी डिस्कवर नीट बसतीलच असं नाही; काही नट तर पत्र्याला टेकायच्या आधी स्टडच्या टोकाला टेकतात आणि घट्ट झाल्याचा भास होतो. घरी एकदा स्टेपनी लावून बघा. चोरीच्या भीतीने चावीचे नट घातले असतील तर ती चावी घरातल्या कपाटात नको. रात्री अकराला पंचगंगेच्या पुलावर पंक्चर झालं तर पंक्चरवाला मिळेल, त्या चावीचा जोड मिळणार नाही. आणि स्टेपनीवर ऐंशीच्या खालीच चालवा, हवा महिन्यातून एकदा बघा. बहुतेकांची स्टेपनी लागते तेव्हाच ती बसलेली असते.